जाळी सगळ्यात शेवटी घ्या

गोव्यातल्या शिवोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडिलोपार्जित चिऱ्याचं घर, दुरुस्ती चालू. खाली दोन न्हाणीघरं, माडीवर एक, आणि माडीवरच्यात बाथटब बसवायचाय. कुटुंब मुंबईला. घर उघडतं ते चवथीला (गणेशचतुर्थीला), नाताळात आणि शिगम्याला (होळीच्या सणाला). मधल्या दिवसांत पाहुण्यांना भाड्याने द्यायचा विचार आहे. म्हापशातून त्यांनी तीन कोटेशनं आणलीत: एकात सगळं पितळी, एकात स्टील, एकात काळ्या रंगाचं. त्या विचारतात की ह्यांतलं कुठलं घ्यायचं, बेसिनला ३२ मिमीचं कपलिंग (बेसिनच्या भोकात बसणारा, पाणी खाली सोडणारा भाग) घ्यायचं की ४० चं, टबाला कुठलं, शॉवरखाली चौकोनी जाळी बरी की लांब चॅनेल (फरशीतली पट्टीसारखी नाली), आणि घर उघडल्याबरोबर येणारा वास आणि झुरळं कशी थांबवायची.

ताई, तिन्ही कोटेशनं वाचली. तिन्हींत जाळ्यांची डिझाइनं फोटोसकट आहेत, आणि ट्रॅप (वास अडवणारा पाइपाचा बाक) मात्र 'इतर सामान' ह्या एका ओळीत गुंडाळलाय. दुकानदाराला दोष देत नाही. जाळी दिसते, ट्रॅप जमिनीत जातो. न दिसणाऱ्या वस्तूला गिऱ्हाईक कुठून मिळणार? पण बारदेश-पेडणे तालुक्यांत सव्वीस वर्षं न्हाणीघरं बसवून आणि त्याहून जास्त फोडून माझा क्रम उलटा झालाय. आधी पाणी घराबाहेर कुठे जातं ते बघायचं, मग ट्रॅप ठरवायचा, मग पाइप, मग कपलिंग. जाळी सगळ्यात शेवटी.

जुन्या घरांत न्हाणीचं पाणी मागच्या दारी माडाच्या आळ्यात नाहीतर केळींत जायचं. संडास वेगळा, घरापासून लांब. हल्ली दुरुस्ती करताना दोन्ही एकाच पाइपात जोडतात आणि सेप्टिक टँकला देऊन मोकळे होतात. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. नदीजवळच्या सखल भागात जुलै लागला की जमिनीतलं पाणी इतकं वर येतं, की शोषखड्डा शोषायचं सोडून स्वतःच भरतो. टँकमधल्या पाण्याला बाहेर वाट नाही, वरून फ्लश चालूच. मग ते पाणी घरातलं सगळ्यात खालचं तोंड शोधतं. बेसिन उंचावर, कमोडचा काठ फरशीपासून फूट-सव्वाफूट वर. फरशीच्या पातळीला असते ती शॉवरची जाळी.

हे मी स्वतः करून बसलोय. एका चेंबरचा (लाइनीवरच्या झाकणाच्या हौदीचा) खर्च वाचवायला म्हणून शापोरा नदीकाठच्या एका घरात शॉवरची लाइन सरळ संडासाच्या लाइनीला जोडली. एप्रिलात काम बघून घरमालक खूश. जुलैत त्यांचा फोन: शॉवर बंद आहे आणि जाळीतून पाणी वर येतंय. कसलं पाणी ते सांगायला नको. नवीन फरशी फोडली, लाइन वेगळी करून दिली, खर्च माझ्या खिशातून.

म्हणून तुमच्याकडे न्हाणीचं आणि बेसिनचं पाणी संडासाच्या लाइनीपासून पूर्ण वेगळं ठेवा. ते बाहेर गली ट्रॅपमध्ये (अंगणातल्या, वर जाळी असलेल्या ट्रॅपमध्ये) पडू दे, तिथून वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा बागेत. गली ट्रॅपच्या जाळीची पातळी न्हाणीघराच्या फरशीपेक्षा निदान सहा इंच खाली ठेवा. लाइन तुंबली किंवा पावसात पाणी उलटलं, तर ते आधी अंगणात सांडेल, घरात येणार नाही. ह्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत, फक्त खणताना पाणसळ लावायची शिस्त लागते. संडासाच्या लाइनीवर, टँकच्या आधी, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवायला हरकत नाही, पण तो चेंबरमध्ये, झाकण उघडून हात घालता येईल असा. आतल्या झडपेत एक चिंधी अडकली की ती अर्धवट उघडी राहते आणि नेमकी गरज असेल तेव्हा बंद होत नाही. फरशीखाली गाडलेला व्हॉल्व्ह नसल्यातच जमा.

आता ट्रॅप. सगळं इंग्रजी नावांचं सामान विकणारे दुकानदारसुद्धा फरशीतल्या ट्रॅपला 'नहाणी ट्रॅप'च म्हणतात. आपल्या न्हाणीचं नाव त्या यादीत टिकून राहिलंय ह्याचं मला बरं वाटतं. ट्रॅप म्हणजे पाइपाचा असा बाक, की पाणी वाहून गेल्यावरही थोडं पाणी तळाशी थांबतं. तेवढं थांबलेलं पाणी गटाराची हवा आणि झुरळं अडवतं. ह्या पाण्याची उंची ५० मिलिमीटर हवी. दुकानात ट्रॅप हातात घेऊन पट्टी आत घाला आणि मोजा. दोन इंच भरलं नाही तर दुसरा मागा.

बाजारात एक सोपी पळवाट मिळते, ती तुमच्या दुसऱ्या कोटेशनात आहेच: जाळीच्याच पोटात उलटी वाटी बसवलेली, 'झुरळरोधक' म्हणून विकली जाणारी जाळी. त्या वाटीत पाणी राहतं जेमतेम बोटाच्या एका पेरभर. त्यात केस अडकतात, पाणी सावकाश जायला लागतं. मग साफसफाई करणारी बाई वाटी काढते, धुते, आणि पाणी झरझर जातंय हे बघून परत बसवतच नाही. तिचं काही चुकलं नाही. तिच्या दृष्टीने तिने तुंबलेली मोरी मोकळी केली. पण खाली खरा ट्रॅप नसेल तर त्या क्षणापासून तुमचं न्हाणीघर आणि गटार एकाच हवेत. वाटीची जाळी घ्यायची तर वरची जास्तीची सोय म्हणून घ्या, खालच्या ट्रॅपच्या बदली नाही.

तुमच्या खालच्या दोन्ही न्हाणीघरांना मी बहुतोंडी ट्रॅप सुचवेन. बाजूने दोन-तीन तोंडं असतात. बेसिनचा पाइप एका तोंडात, शॉवर वरून, आणि बाहेर जाणारं तोंड ७५ मिमी. पाइप 'एस.डब्ल्यू.आर.' (सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा) लिहिलेला घ्या. त्यावर आय.एस. १३५९२ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि टाइप ए किंवा टाइप बी छापलेलं असतं. टाइप ए पातळ, तो पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाइपाला. सांडपाण्याला टाइप बी. मुकादम ए आणतो, कारण फरशी घातल्यावर छाप कोण वाचतंय? तुम्ही मुंबईला असाल तर पाइप जमिनीत जायच्या आधी छापाचा फोटो मागवा. उतार ५० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. त्याहून कमी असेल तर साबणाची साय पाइपात बसत जाते.

वासाचं आणि झुरळांचं उत्तर इथेच आहे. तुम्ही शिगमा आटपून घर बंद करता आणि चवथीला उघडता. मधल्या उन्हाळ्यात ट्रॅपमधलं पाणी सुकून जातं. ट्रॅप शाबूत आहे, पण पाणी नाही, म्हणजे दार आहे आणि कडी नाही. घर बंद करायच्या दिवशी प्रत्येक जाळीत एक तांब्या पाणी ओता, आणि त्यावर दोन-तीन चमचे लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळतं. तेलाचा तवंग पाण्यावर बसला की पाणी उडून जायचं प्रमाण फार कमी होतं. खोबरेल घालू नका. चालतं, पण खवटतं, आणि मुंग्यांना आमंत्रण. बेसिनच्या आणि टबाच्या ट्रॅपलाही हेच. शेजारी किल्ली असेल तर त्यांना सांगून महिन्याकाठी एकदा नळ सोडून घेतले तर आणखी बरं. सिलिकॉनची पातळ नळी असलेला कोरडा ट्रॅपही मिळतो: पाणी आलं की तोंड उघडतं, गेलं की मिटतं. बंद घरासाठी चांगला, पण पाण्याच्या ट्रॅपला जोड म्हणून. केस अडकला की तोंड उघडं राहतं, आणि तिथूनच झुरळ येतं.

आता बेसिन. तुमच्या घरच्या कुणीतरी जुन्या कपलिंगला टेप लावून ४२ मिमी मोजलंय आणि म्हणून ४० चं मागितलंय, असं कोटेशनावरून दिसतं. बेसिनचं कपलिंग ३२ चंच. सव्वा इंची. ३२ हे आतल्या वाटेचं नाव आहे. बाहेरच्या आट्यांवर मोजलं तर ते जवळजवळ ४२ भरतंच. ४० चं, म्हणजे दीड इंची, कपलिंग आट्यांवर जवळपास ४८ भरतं. ते टबाला आणि स्वयंपाकघराच्या सिंकला. ह्या एका गोंधळापायी म्हापशाला किती फेऱ्या होतात ते दुकानदारांना विचारा.

आकार ठरला की बेसिनच्या काठाजवळ आतल्या बाजूला ओव्हरफ्लोचं (जास्तीचं पाणी उतरायचं) भोक आहे का बघा. असेल तर कपलिंगच्या अंगावर खाच हवी, कारण त्या भोकातून आलेलं पाणी बेसिनच्या पोटातल्या वाटेने उतरून त्या खाचेतूनच पाइपात शिरतं. बिनखाचेचं बसवलं तर पाणी पोटातच साचतं, आणि काही महिन्यांनी बेसिनमधून कुजका वास यायला लागतो. लोक गटाराला दोष देतात. उलट, भोक नसलेल्या बेसिनला खाचेचं कपलिंग लावलं, तर खाचेतून बाहेर पडलेलं पाणी रबराच्या वायसरच्या कडेने पाझरायला बघतं.

दुकानदार 'फुल थ्रेड की हाफ थ्रेड' असंही विचारेल. हाफ थ्रेडचे आटे अंगाच्या खालच्या भागावरच असतात, त्यामुळे नट वरपर्यंत चढत नाही. जाड सिरॅमिकच्या बेसिनला चालतं. काचेचं, स्टीलचं, पातळ दगडाचं बेसिन असेल तर नट खालून टेकतच नाही. आटे संपतात आणि बेसिनखाली फट राहते. तिथे फुल थ्रेड. मुंबईहून बेसिन येणार असेल तर बॉक्समधला नकाशा बघून त्याची जाडी आधी कळवा.

माडीवर तुम्ही दगडी ओट्यावर वाडग्यासारखं बेसिन ठेवणार आहात. अशा बेसिनला बहुधा ओव्हरफ्लो नसतो. त्याला दाबून बंद होणारं पॉपअप कपलिंग लावू नका, कितीही छान दिसलं तरी. कारण सांगतो. बारदेशात नळाचं पाणी येतं अस्नोड्याच्या प्रकल्पातून, आणि चोवीस तास येत नाही. पाहुणा नळ उघडतो, टाकी रिकामी, पाणी नाही. नळ तसाच उघडा ठेवून तो समुद्रावर जातो. दुपारी पंप चालू होतो. कपलिंग दाबलेलं असेल तर बेसिन भरतं, ओटा भरतो, आणि माडीवरचं पाणी खालच्या खोलीच्या छतातून उतरतं. मी हा पंचनामा दोनदा केलाय. वाडग्याच्या बेसिनला नेहमी उघडी राहणारी, वर घुमटासारखी टोपी असलेली कपलिंग मिळतात. तीच घ्या. खालच्या मजल्यावर ओव्हरफ्लोवाली बेसिनं असतील तर तिथे पॉपअप चालेल, पण मी घरच्यांसाठी साध्या जाळीचंच लावतो. पॉपअपची दांडी म्हणजे केसांचा खुंटा.

बेसिनखाली बॉटल ट्रॅप. त्याची खालची वाटी हाताने फिरवून निघते, अंगठी पडली तर तिथे सापडते. मात्र पाइप भिंतीत जायच्या आधी उंची ठरवा. फरशीपासून साधारण ४५० ते ५०० मिमीवर भोक येतं, पण तुमच्या ओट्याखाली खण असेल तर हे गणित बदलतं. मी गवंड्याला भोक पाडू देत नाही. आधी बेसिन, कपलिंग आणि ट्रॅप जोडून हातात धरतो आणि पेन्सिलने खूण करतो. लवचीक कोरुगेटेड पाइप नको. त्याच्या प्रत्येक वळीत साबण आणि केस बसतात, आणि बंद घरात उंदीर तो कुरतडतात. तुमचं घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद, म्हणजे उंदरांना घाई नाही.

एक शंका नेहमी येते: बेसिनला बॉटल ट्रॅप आणि फरशीत पुन्हा नहाणी ट्रॅप, दोन ट्रॅप मागोमाग, मग मधली हवा कोंडत नाही का? फरशीची जाळी उघडी असते, तिथून हवा सुटते, म्हणून सहसा कोंडत नाही. पण त्याच जाळीवर घट्ट बसणारं झुरळाचं झाकण घातलं, की बेसिन गुळगुळ आवाज करत सावकाश रिकामं व्हायला लागतं. असा आवाज आला तर आधी झाकण काढून बघा, प्लंबरला मग बोलवा. आणि बेसिनचा ३२ चा पाइप लांबवू नका. दीड मीटरच्या पुढे जायचं असेल तर ४० चा घ्या. आतली वाट दीडपटीहून मोठी होते. लांब, बारीक पाइप पूर्ण भरून वाहतो आणि जाताजाता ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतो.

टबाबद्दल माझं मत तुम्हाला आवडणार नाही. गोव्यात भाड्याच्या घरांत टब फोटोसाठी असतो. पाहुणे एकदा भरतात, आणि मग त्यात ओले टॉवेल टाकतात. तरी बसवायचाच तर नीट बसवू. कपलिंग ४० चं, ओव्हरफ्लो जोडलेलं. गोल मूठ फिरवून बूच वर-खाली करणारा प्रकार तुमच्या काळ्या कोटेशनात आहे. त्यात आत एक तार असते, आणि खाऱ्या हवेत, वर्षातून तीनदा वापरली जाणारी तार अडकते. तार बदलायला टबाच्या मागे हात घालावा लागतो, तिथे तुम्ही फरशी लावलेली असते. पायाने दाबायचं क्लिक बूच किंवा साखळीचं रबरी बूच घ्या. साखळी बघून पाहुणे हसतील, पण रबर बदलायला प्लंबर लागत नाही. काहीही घेतलंत तरी टबाच्या ड्रेनच्या बाजूला निघणारी एक फरशी किंवा दार ठेवा, निदान फूटभर रुंद.

पाण्याचं गणितही बघा. टबात माणूस बसेपर्यंत दीडशे लिटर सहज जातं, आणि बूच काढलं की तीन-चार मिनिटांत ते सगळं बाहेर पडायला बघतं. हे पाणी शॉवरच्याच ट्रॅपमध्ये बाजूने सोडलं आणि त्या ट्रॅपचं बाहेरचं तोंड ५० चं असेल, तर जाळीतून पाणी वर येऊन माडीची फरशी भिजते. टबाला स्वतःचा ट्रॅप आणि स्वतःचा ५० चा पाइप उभ्या लाइनीपर्यंत. उभ्या लाइनीचं वरचं टोक छपराच्या वर उघडं ठेवा, त्यावर जाळीची टोपी. ते सिमेंटने बंद केलेली घरं मी पाहिली आहेत, "पावसाचं पाणी जातं" म्हणून. पावसाचं पाणी गेलं तर काही बिघडत नाही. हवा गेली नाही तर खालच्या सगळ्या ट्रॅपांचं पाणी ओढलं जातं.

शॉवरखाली चौकोनी जाळी की चॅनेल? आधी एक प्रयोग. जो शॉवर घेणार आहात त्याच्याखाली १० लिटरची बादली धरा, पंप चालू ठेवून, आणि किती सेकंदांत भरते ते बघा. दुकानात करू देत नाहीत, पण कुणाच्या तरी घरी करता येतं. साधा हातशॉवर मिनिटभर घेतो. डोक्यावरचा मोठा गोल शॉवर, प्रेशर पंप लावलेला, कधीकधी अर्ध्या मिनिटात भरतो. म्हणजे मिनिटाला वीस लिटर, आणि पाहुणा पंधरा मिनिटं उभा. एवढं पाणी जाळीच्या भोकांतून जायचंय. ५० च्या पाइपाचं तोंड जवळजवळ १९६० चौरस मिलिमीटर. सहा मिमी व्यासाचं एक भोक भरतं २८. म्हणजे पाइपाला न्याय द्यायला जाळीत अशी सत्तर भोकं हवीत. तुम्ही निवडलेल्या पानाफुलांच्या नक्षीच्या जाळीची भोकं फोटोवरून मोजली, पस्तीसही नाहीत. त्यातली निम्मी केसांनी बुजणार.

माझा कौल असा: खालच्या मजल्यावर घरच्यांच्या न्हाणीघरात साधी, भरपूर भोकांची सहा इंची चौकोनी जाळी, उचलून साफ करता येणारी. फरशीचा उतार चारही बाजूंनी जाळीकडे, ८० सेंटिमीटरला एक सेंटिमीटर. पाहुण्यांच्या न्हाणीघरात मोठ्या फरश्या घालणार असाल तर चॅनेल शोभतं आणि कामही सोपं होतं, कारण उतार एकाच दिशेला द्यायचा, फरशीचे त्रिकोणी तुकडे पाडायला नकोत. चॅनेल भिंतीला लागून टाका, दाराच्या उंबऱ्याशी नको. ९०० मिमीचं घेतलं तरी खाली तोंड एकच असतं, आणि ते ५० चं. लांबीने पाणी जास्त वाहून जातं हा गैरसमज. मधे केसांसाठी निघणारी जाळीची पेटी असलेलंच घ्या.

केसांहून मोठा शत्रू मात्र वाळू. मोरजी-हणजुण्याहून परतलेले चार पाहुणे मूठ-मूठ वाळू घेऊन येतात. वाळू पाण्याबरोबर जात नाही, ट्रॅपच्या तळाशी बसते आणि साबणाबरोबर घट्ट होते. त्यावर जाळीत उपाय नाही. अंगणात पायऱ्यांजवळ एक नळ आणि पाय धुवायची लहान मोरी करा, तिचं पाणी फूटभर खोल छोट्या हौदीतून पुढे सोडा. वाळू हौदीत बसते, माळी महिन्याने फावड्याने काढतो. न्हाणीघरातल्या कुठल्याही महागड्या चॅनेलपेक्षा हा नळ जास्त कामाचा.

धातूचा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात, मी मुद्दाम मागे ठेवला. खाऱ्या हवेत 'स्टील' एवढं लिहिलेलं कोटेशन परत पाठवा, ग्रेड लिहून मागा. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, त्यामुळे मिठापुढे ते टिकतं. स्वस्त मालात असतं २०२: निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं. दोन पावसाळ्यांत चहाच्या डागांसारखे ठिपके येतात. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवेल, "बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४." २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ह्या परीक्षेत फक्त अगदी हलका माल पकडला जातो. थेंब टाकून ग्रेड ओळखायचं रसायन असतं, भंगारवाले वापरतात. मोठी खरेदी असेल तर आग्रह धरा. तुमच्या घराला ३०४ पुरेल, किनाऱ्याला लागून असतं तर ३१६ म्हटलं असतं. आणि कुठलंही घ्या, त्यावर न्हाणीघर साफ करायचं ॲसिड पडू देऊ नका. समुद्राची हवा दहा वर्षांत करते ते काम ॲसिडची बाटली एका मोसमात करते. क्रोमचा मुलामाही तसाच जातो.

बेसिनचं कपलिंग आणि बॉटल ट्रॅप पितळी, क्रोम चढवलेले घ्या. हातात वजन जाणवतं. हलकं लागलं तर आत जस्ताची मिश्रधातू किंवा प्लास्टिक. प्लास्टिकचा मला राग नाही, उलट ओट्याखाली दिसत नसेल तर चांगला पांढरा प्लास्टिकचा ट्रॅप गंजत नाही म्हणून बराच. जस्ताचं मात्र नको. विहिरीचं पाणी वापरणार असाल तर आणखी एक: जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी आणि लोहाचं असतं. लोहाचा तांबूस डाग पांढऱ्या बेसिनवर पडतो, आणि असं पाणी पितळेतलं जस्तही हळूहळू खातं. काळ्या रंगाचं तिसरं कोटेशन मी बाजूला ठेवीन. नुसता रंग मारलेला काळा भाग पाण्याच्या रेषेवर सोलतो, आणि काळ्यावर साबणाचा पांढरा थर सगळ्यात आधी दिसतो.

बसवताना कपलिंगचा नट हाताने घट्ट करून वर पाव फेरा, बस. पाना घेऊन जोर केला की सिरॅमिकला केसासारखी चीर जाते आणि ती आठवड्याने दिसते. फरशी घालण्याआधी ट्रॅपचं बाहेरचं तोंड बुजवून न्हाणीघराच्या खड्ड्यात पाणी भरा, कडेला खूण करा, दोन दिवस ठेवा. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडा आणि प्रत्येक जोडावरून कोरडा वर्तमानपत्राचा कागद फिरवा. ओला डाग कागदावर लगेच दिसतो, बोटाला कळत नाही.

राहिली माडी. तिथे फरशीखाली सिमेंटचा स्लॅब आहे की जुन्या लाकडी तुळया, हे प्रश्नात नाही. स्लॅब असेल तर ट्रॅप बसवायला फरशी चार-पाच इंच उचलावी लागेल आणि दाराशी पायरी येईल. तुळया असतील तर भरलेल्या टबाचं वजन माणसासकट अडीचशे किलोच्या घरात जातं, आणि मी ड्रेनबद्दल एक शब्द बोलायच्या आधी सुताराने त्या तुळयांना टोच मारून बघायला हवी. खालच्या खोलीतून छताचा फोटो काढून पाठवा.